शंभर वॅटचा दिवा

खट्. मग काहीच नाही. मग पुन्हा खट्.

दुपारचे अडीच वाजले होते. भिंगरी जेवता जेवताच पेंगून एकदाची झोपली होती. भिंगरी म्हणजे माझी पाच वर्षांची लेक. जागी असली की फिरतच असते, म्हणून हे नाव. ती झोपली की घरात इतकी शांतता पसरते की नळातून पडलेला थेंबसुद्धा आगाऊ वाटतो. आणि आता बाबांच्या खोलीतून कुणीतरी बटण दाबत असल्याचा आवाज येत होता. खट्. खट्.

दार ढकललं तर पडदे ओढलेले. टेबलावर बाबांचा जुना प्रोजेक्टर मांडलेला. घरी काढलेल्या फिल्मा घरीच दाखवायचा, छोट्या बॅगेएवढा. समोरच्या भिंतीवर उजेडाचा चौकोन उमटत होता, विझत होता, पुन्हा उमटत होता. बाबा बटणावर बोट ठेवून तिकडेच बघत होते.

"दिवा गेला गं याचा," ते म्हणाले. "लागतच नाहीये."

त्या चौकोनात माझी सावली पडली होती, अगदी केसांच्या बटांसकट.

"लागलाय, बाबा."

"हा? याला दिवा म्हणतात? म्हातारा झालाय तो. जरा दमदार बघून आण एखादा."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? दोन महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा मधला भाग गेलाय. कडेकडेनं दिसत राहील, पण समोरचं पुसट होत जाईल. गेलेलं परत येणार नाही. भरपूर उजेड असला तर काही दिवस थोडं बरं दिसेल, इतकंच. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "त्याचंच मशीन बिघडलंय." तेव्हापासून घरातल्या एकेका वस्तूत खोट निघत होती. स्वयंपाकघरातला बल्ब मंद, वर्तमानपत्राची शाई पातळ, आणि जिन्याच्या पायऱ्या कुणीतरी मुद्दाम एकसारख्या रंगवलेल्या.

प्रोजेक्टरवर लावायला आमच्याकडे एकच रीळ आहे. साडेतीन मिनिटांचं. त्यात बहुतेक वेळ मीच रांगते, पडते, चमचा चोखते. शेवटची अकरा सेकंदं आई आहे. ती दोरीवर चादर वाळत घालते, चादरीच्या कडेनं डोकावते, कॅमेऱ्याकडे बघून 'पुरे' असा हात झटकते. संपलं. ती गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते. मला तिचं काहीही आठवत नाही. ती अकरा सेकंदं मात्र इतक्यांदा पाहिलीयत की आई म्हटलं की माझ्या मनात आधी चादर हलते.

आणखी एक रीळ होतं म्हणे. नक्कल करून देतो म्हणून कुणीतरी नेलं, ते परत आलंच नाही. त्यानंतर बाबांनी हे रीळ उंबरठ्याबाहेर जाऊ दिलं नाही. मी एकदा मोबाइलवर भिंतीवरचं चित्र घेऊन पाहिलं होतं. त्यात नुसते पट्टे पळत होते आणि आई म्हणजे एक राखाडी डाग.

दुसऱ्या दिवशी भिंगरीला शाळेत सोडलं आणि जुना दिवा रुमालात गुंडाळून बाजारामागच्या गल्लीत गेले. तिथं एका बोळकंडीवजा दुकानात एक काका फक्त जुन्या यंत्रांचे दिवे विकतात. छतापर्यंत पुठ्ठ्याची खोकी, आणि त्यांना बसायला जेमतेम एक स्टूल.

"जळालाय?" त्यांनी विचारलं.

"नाही. मंद वाटतो."

त्यांनी फडक्यात धरून दिवा त्यांच्या तपासायच्या पाटीवर बसवला. लख्ख लागला. आम्ही दोघांनी डोळे बारीक केले.

"ताई, हा तर जावयासारखा ठणठणीत आहे. मंद कुणाला वाटतो?"

मी खोक्यांवरची अक्षरं वाचायला लागले.

"असं होय," काका म्हणाले. दिवा विझवला. मग त्यांनी तीन खोकी काढून समोर मांडली. "हा तुमचाच, पन्नास वॅटचा. हा पंचाहत्तर. आणि हा शंभर. पिना तिघांच्या सारख्याच, पण पिना बसल्या म्हणजे सोयरीक जमली असं नसतं. व्होल्ट जुळायला लागतात. या तिघांचे जुळतात. आता शंभरचा लावलात तर भिंत उजळून निघेल, पण तुमच्या मशीनचा पंखा पन्नासच्या मापाचा आहे. दहा मिनिटं चालवा आणि गार होऊ द्या."

"आणि फिल्म?"

"पळत राहिली तर काही होत नाही. अडकली तर तीन म्हणायच्या आत जळून भोक. कुठं अडकते का?"

अडकते. आई येण्याच्या बरोबर आधी फिल्मला एक जोड आहे. तिथं ती दर वेळी कचरते. बाबा नेमक्या क्षणी बोटानं हलकेच दाबून तिला पुढं ढकलायचे. डोळे मिटूनही जमायचं त्यांना. गेल्या खेपेला जमलं नाही. दिवा पन्नासचा होता म्हणून निभावलं.

"दुसरी प्रत?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मग आधी भिंग पुसा, मागचा आरसा पुसा. अर्धा उजेड धूळच खाते. मशीन भिंतीजवळ घ्या, चित्र लहान होईल पण उजळ दिसेल. एवढं करूनही भागलं नाही, तर कुणाला जपायचं ते तुम्हीच ठरवा. मी दिवे विकतो, सल्ले फुकट असतात म्हणून कुणी ऐकत नाही."

मी शंभरचा घेतला. "काचेला उघडं बोट लावू नका," ते मागून ओरडले. "चिडतो तो!"

घरी येऊन भिंग पुसलं, आरसा पुसला. आरशावरून निघालेली धूळ बघून मला वाटलं, झालं, एवढंच होतं. मशीन भिंतीजवळ ओढलं. जुन्याच दिव्यावर रिळाची सुरुवात लावली. मी रांगताना इतकी स्वच्छ दिसले की फ्रॉकवरचे डागसुद्धा मोजता आले असते. आनंदानं मागं पाहिलं.

"लावलंस का?" बाबांनी विचारलं.

मी जोड यायच्या आत बंद केलं.

रविवारी दुपारी पडदे ओढले. बाबा स्वच्छ शर्ट घालून आले होते. केसांना पाणी लावलेलं. कुणाकडे तरी जायचं असल्यासारखे खुर्चीत बसले आणि मान वळवून कपाटाकडे बघायला लागले. अलीकडे त्यांना असंच बघावं लागतं. एखाद्याचं तोंड दिसायला हवं असेल तर त्याच्या कानापलीकडे नजर ठेवायची.

"आजोबा, भिंत तिकडे नाहीये," भिंगरी म्हणाली.

"माहितीय गं पोलीसबाई. मी तिला चोरून बघतोय."

माझ्या एका खिशात पन्नासचा दिवा होता, दुसऱ्यात शंभरचा. पन्नासचाच परत लावून 'नवा आहे' म्हटलं असतं तर त्यांना कळलं नसतं. मला चादरीमागची आई जन्मभर राहिली असती, भिंगरीलाही दाखवता आली असती. आणि बाबांचे उरलेले काही महिने एका न दिसणाऱ्या चौकोनासमोर गेले असते. एकदा, फक्त एकदा तिला नीट बघायचंय, असं ते कधीच म्हणाले नव्हते. पण शर्टाला इस्त्री होती, आणि ती त्यांनी अंदाजानं केली होती. बाहीवर दुहेरी घडी पडली होती.

मी फडक्यात धरून शंभरचा बसवला. रीळ हातात घेतलं, पण फिल्म दातऱ्यांत अडकवायला बोटं तयार होईनात. आधी नुसता उजेड बघू, असं स्वतःलाच सांगितलं. मोटर चालू केली. जुनी ओळखीची टिकटिक सुरू झाली. मग दिव्याचं बटण दाबलं.

भिंत पेटल्यासारखी पांढरी झाली. खिळ्याचं भोकसुद्धा दिसायला लागलं. भिंगरीनं डोळ्यांवर हात धरला.

"हां," बाबा म्हणाले. "याला म्हणतात दिवा."

मी सांगणार होते, अजून फिल्म लावायचीय, थांबा.

"आली," बाबा म्हणाले.

त्यांची मान कपाटाकडेच होती, पण ते खुर्चीत पुढं सरकले होते.

"दारात बसलीय बघ. तुला पुढ्यात घेतलंय. वेणी घालतेय तुझी. किती हलतेस गं! भांग तरी पाडू दे तिला."

आई गेली तेव्हा माझे केस बोटभरसुद्धा नव्हते. माझ्या वेण्या शाळा संपेपर्यंत बाबांनीच घातल्या, एक वर, एक खाली. मुली हसायच्या, आणि मी ऐटीत सांगायचे की आमच्याकडे अशीच पद्धत आहे.

"रिबीन दातांत धरलीय," बाबा म्हणाले. आवाज अगदी हळू झाला होता, ती ऐकेल म्हणून जपल्यासारखा. "म्हणून बोलत नाहीये. नाहीतर केव्हाच ओरडली असती तुला."

मी रीळ डब्यात ठेवलं. झाकण वाजू न देता लावलं. मग बाबांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले आणि त्यांच्यासारखीच मान वळवून कपाटाकडे बघायला लागले. डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं, थरथरणारं काहीतरी होतं. मशीन तापल्याचा वास यायला लागला होता. दहा मिनिटं व्हायला अजून थोडा वेळ होता.

भिंगरीनं आधी भिंतीकडे पाहिलं. मग बाबांकडे, मग माझ्याकडे. मग ती माझ्या मांडीत येऊन बसली, आमच्यासारखीच मान वाकडी केली आणि बराच वेळ, तिच्या मानानं फारच वेळ, न हलता बघत राहिली. शेवटी तिनं तोंड माझ्या कानाला लावलं.

"मला नाही दिसत," ती कुजबुजली. "तुला दिसतेय का गं, आई?"