शेवटचा नळ

पाणी लांबून चालत येतं. नदीतून पंपात, पंपातून वाळूच्या थरांत, वाळूतून टाकीत आणि टाकीतून पाइपांच्या वाटेनं घरोघरी. चालता चालता दमतं. टाकीतून निघताना औषधाचा जो जोर त्याच्या अंगात असतो, तो वळणावळणाला थोडा थोडा सांडत जातो. अगदी टोकाच्या नळाशी पोचेपर्यंत चिमूटभर उरला तरी खूप झालं. तेवढा उरतो की नाही, हे बघणं म्हणजेच ऑपरेटरचं काम. पंपाचं काय, बटण दाबलं की तो कुणाच्याही हातनं चालतो.

हे सगळं शुद्धीकरण केंद्राचा ऑपरेटर नव्या माणसांना शिकवायचा. आणि आज तोच महिन्याचा अहवाल पुढ्यात घेऊन बसला होता, अन् एका रकान्यापाशी त्याचं पेन अडलं होतं.

बाकीचा कागद भरून झाला होता. रोज किती पाणी सोडलं, क्लोरीन किती टाकलं, गढूळपणा किती होता, सगळं खरं, डोळ्यांनी पाहिलेलं. राहिला होता तो एकच रकाना, शेवटच्या नळाचा. जिल्ह्याच्या कचेरीचा नियमच होता तसा. दर महिन्याला लाइनीच्या टोकाच्या घरी जाऊन पाणी तपासायचं, आकडा लिहायचा, ‘या नोंदी मी स्वतः घेतल्या आहेत’ या ओळीखाली सही करायची आणि दहा तारखेच्या आत कागद पाठवायचा. आकडा ठरल्यापेक्षा खाली गेला, तर मात्र दहा तारखेची वाट बघायची नाही, तिथल्या तिथं फोन उचलायचा.

ते टोकाचं घर त्याच्या ताईचं होतं.

एके काळी त्याला या रकान्याचं कोण कौतुक! नोकरीचं काम आणि बहिणीची भेट एकाच फेरीत. मागच्या दाराच्या नळाखाली तो काचेची नळी धरायचा, पुडीतली पावडर टाकायचा आणि पाण्यात औषध उरलेलं असलं की ते हळूहळू गुलाबी व्हायचं. ताईची लेक शेजारी उकिडवी बसून टाळ्या पिटायची. तिचं एक गाणंच होतं, तिनंच जुळवलेलं:

लाज रे पाण्या, लाज लाज,
मामा आला दारी आज!

मग आई आजारी पडली. ताईकडेच होती. ज्या दिवशी ती गेली, त्या दिवशी पंप बिघडला होता आणि ऑपरेटर पोचला तो दिवेलागणीला. दारातच दाजी म्हणाले, “या. भरली का टाकी तुमची?”

लोकांना वाटलं, त्या बोलण्याचा राग धरून यानं बहिणीचं दार सोडलं. बायकोलाही तसंच वाटलं. राग असता तर बरं झालं असतं. पंप दुपारीच सुरू झाला होता. तो मात्र पंपाशेजारच्या स्टुलावर हात पुसत बसून राहिला होता. आईचा तो ओढून ओढून घेतलेला श्वास त्याला ऐकवत नव्हता म्हणून. हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण ताईच्या घराकडे पाऊल वळलं की ते स्टूल आधी पुढं येऊन उभं राहायचं.

म्हणून मग त्यानं सोपी वाट काढली. अर्ध्या रस्त्यात न्हाव्याचं दुकान होतं. तिथल्या नळाचं पाणी तपासायचं आणि पुढच्या वाटेत जेवढा जोर सांडतो तेवढा वजा करून आकडा लिहायचा. पाण्याची चाल त्याला तोंडपाठ. थंडीत किती कमी करायचं, उन्हाळ्यात किती, सगळं हिशेबानं. खोटंसुद्धा त्यानं मन लावून केलं होतं. पाठोपाठ चार महिने असेच गेले आणि कचेरीतून कुणी चकार शब्द काढला नाही.

आताही पेन टेकणारच होतं, तेवढ्यात फिटर आत आला. खांद्यावरचा पाना त्यानं टेबलावर आदळला.

“काय मास्तर, परीक्षेचा पेपर?”

“पाना खाली ठेव. कागदाला तेल लागतंय.”

“लागू दे. कचेरीत वाचतंय कोण?” फिटर पाणी प्यायला, तोंड पुसत म्हणाला, “बाकी तू इथं निवांत कसा? भाचीला बघून आलास का?”

“का? तिला काय झालं?”

“घ्या! मामाला पत्ता नाही. अरे, जुलाबानं बेजार झाली होती पोर, परवा सलाइन लावलं. आता घरी आणलीय. त्यांच्या गल्लीत दोन-तीन घरी तेच चाललंय.” मग हसला. “पाण्याचं नसणार म्हणा. तू तपासतोस ना तिथं.”

ऑपरेटर पेन टाकून उठला. तपासणीची पेटी काढताना दोनदा त्याच्या हातून कुलूप निसटलं. फिटरनं ते पाहिलं आणि थट्टा गिळून टाकली.

ताईनं दार उघडलं. तिच्या कपाळावरचे केस पांढरे झाले होते.

“भेटायला आलास की नळ बघायला?” तिनं विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता बाजूला झाली. “ये. चपला राहू दे, तसाच ये पेटी घेऊन.”

आत भाची भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पांघरुणाखाली ती आहे की नाही असं वाटावं एवढीशी. त्यानं हात पुढं केला आणि मागं घेतला.

“झोपू दे तिला,” ताई म्हणाली. “आज पेज पोटात राहिलीय.”

मागच्या दारी नळ सोडला तर करंगळीएवढी धार. पूर्वी इथं बादली पडायची पाण्याच्या जोरानं. त्यानं पाणी थोडं वाहू दिलं, नळी भरली, पावडर टाकली, हलवली, उन्हात धरली.

पाणी होतं तसंच बिनरंगी राहिलं.

त्यानं नळी विसळली, दुसरी पुडी फोडली. पावडर जुनी असेल. हात ओला असेल. पुन्हा धरली. गुलाबीची झाकसुद्धा नाही. औषधाचा टिपूस उरलेला नव्हता. एवढा वेळ वाटेत तुंबून राहिलेलं पाणी. आणि हेच पाणी ही पोर, ही सगळी गल्ली पीत होती.

ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

“धार कधीपासून अशी बारीक आहे?” त्यानं विचारलं.

“रस्ता खणला होता ना, आई गेल्यावर? तेव्हापासून.”

“मग सांगायचं नाही का मला?”

“कुठं सांगायचं रे? तू येतोस तरी का?” ती चिडून बोलली नाही, तेच त्याला जास्त लागलं. “शेजारची सून विचारत होती, ताई, पाण्यात तर काही नसेल ना? मी म्हटलं, छे गं, माझा भाऊ दर महिन्याला तपासतो.”

“ताई, मी... चार महिने इथं आलोच नाही.”

“मला सांगतोस? नळ माझ्या दारात आहे.” तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “वाटलं, तिकडून यंत्रावर दिसत असेल तुला. आणि खरं सांगू? धाकट्या भावाला नावं ठेवायला कुणाला वाव नको, एवढंच बघितलं मी. माझ्याच पोरीला ते पाणी पाजत राहिले.”

त्याला वाटलं, तिनं थोबाडीत मारावी. लहानपणी मारायची तशी, चटकन, आणि मग स्वतःच रडायची.

“ती सून...” ताईचा आवाज खाली आला. “तिची सासू मागच्या महिन्यात जुलाबानंच दवाखान्यात होती. घरात तेव्हापासून नुसती आग. हिची भांडी घाण, हिचे हात घाण, ही म्हातारीच्या जिवावर उठलीय. दिवसभर घासत असते बिचारी. रात्री नवरा पुन्हा वास घेऊन बघतो पातेल्यांचा.”

ऑपरेटरनं फिटरला फोन लावला. फिटर वळणावरच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरला आणि थोड्या वेळानं स्वतःच चालत आला. चिखलानं माखलेला, मान खाली.

“बंदच होता रे, जवळजवळ. रस्ता खणताना मीच आवळला होता. उघडायचं राहून गेलं.” मग त्याला बाजूला ओढून हलक्या आवाजात म्हणाला, “आता उघडलाय. तू काय कर, आजचा आकडा कळव. खराच आहे ना तो? व्हॉल्व्ह परवा बंद झाला म्हणू. मागचं कशाला उकरायचं? तुझी नोकरी जाईल, माझी जाईल. जे घडायचं ते घडून गेलं.”

बोलण्यात खोट नव्हती. आजचा शून्य लिहिला की नियम पाळल्यासारखा होत होता. टाकीतून जास्त औषध सोडलं असतं, लाइन धुऊन काढली असती, पोर बरी झाली असती. मागचे आकडे नीटनेटके तसेच राहिले असते. पण ते आकडे तसेच राहिले, म्हणजे मागच्या महिन्यात या गल्लीचं पाणी चांगलं होतं. आणि पाणी चांगलं होतं, म्हणजे म्हातारीला आजारी पाडलं ते त्या सुनेच्या हातांनी.

पलीकडच्या अंगणातून भांडं घासल्याचा आवाज येत होता. खर्र, खर्र. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा.

त्यानं कचेरीत फोन लावला. पलीकडे बाई होत्या, कधी न पाहिलेल्या, आवाजानं ओळखीच्या. दर महिन्याला ‘अहवाल मिळाला’ एवढंच म्हणणाऱ्या.

“शेवटच्या नळाला क्लोरीन नाही,” तो म्हणाला. “अजिबात नाही. आजारी माणसं आहेत.”

“बरं. गल्लीला आत्ताच्या आत्ता सांगा, पाणी उकळून प्या म्हणून. घरोघरी जाऊन. कागद चिकटवून भागणार नाही. लाइन धुवायला घ्या, मी नमुने न्यायला माणूस पाठवते. मागच्या महिन्यात ठीक होता ना आकडा? माझ्यासमोर आहे, ठीकच दिसतोय.”

फिटर त्याच्या तोंडाकडे बघत होता. ताईही.

“तो मी इथं येऊन घेतलेला नाही, बाई. त्याच्या आधीचेही नाहीत. चार महिन्यांचे. अर्ध्या वाटेवर तपासून अंदाजानं लिहिले. सही माझी आहे.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, “हे लिहून द्यावं लागेल.”

“देतो.”

“आणि... काय होईल ते माझ्या हातात नाही.”

“माहीत आहे.”

फिटरनं पाना उचलला आणि लाइन धुवायला निघून गेला. जाताना त्याचा ऑपरेटरच्या खांद्याला धक्का लागला. मुद्दाम की चुकून, कळलं नाही.

“मी येऊ बरोबर?” ताईनं विचारलं.

“नको. पोरीजवळ थांब.”

पहिली दोन दारं सोपी गेली. पाणी उकळून प्या, लाइनीत दोष आहे, दुरुस्त करतोय. लोकांनी शिव्या घातल्या, त्या त्यानं घेतल्या. तिसऱ्या अंगणात सून पातेलं घेऊन बसली होती. बोटांची कातडी भिजून फिकी पडलेली, नखांकडेला लाल चिरा. तो बोलत गेला आणि तिचे हात थांबले. व्हॉल्व्ह, बारीक धार, मागचे महिने, न केलेली तपासणी. भांड्यांचा दोष नव्हता. कधीच नव्हता.

तिनं रडावं असं त्याला वाटलं होतं. ती रडली नाही. पातेलं तिनं तसंच साबणाच्या फेसात सोडलं आणि उठली.

“मला सांगून काय उपयोग?” ती म्हणाली. “आत या. त्यांना सांगा.”

आत खाटेवर म्हातारी बसली होती. पलीकडे नवरा, हातात शर्ट, बाहेर निघायच्या बेतात. ऑपरेटरनं घसा खाकरला आणि सांगितलं, जेवढं खालच्या आवाजात सांगता येईल तेवढ्या आवाजात.

म्हातारीनं कानामागं तळवा धरला. “काय म्हणतोय हा?”

“त्यांना ऐकू येत नाही,” सून दारात उभी राहून म्हणाली. “मोठ्यानं सांगा.”

“पाणी खराब होतं, आजी. मी तपासलं नव्हतं.”

“आँ?”

“अजून मोठ्यानं,” सून म्हणाली. नवऱ्याकडे बघत म्हणाली.

खिडक्या उघड्या होत्या. गल्ली अरुंद, समोरच्या घरातली माणसं आताच ऐकलेल्या बातमीनं दारात येऊन थांबलेली. ऑपरेटरनं छातीत श्वास भरला.

“पाणी खराब होतं!” तो ओरडला. “मी तपासायला आलोच नव्हतो! तुमच्या सुनेची काही चूक नाही!”

आवाज अंगणं ओलांडून थेट ताईच्या दारापर्यंत गेला. समोरच्या घरात कुणीतरी दुसऱ्याला गप्प केलं. नवऱ्यानं शर्ट हातातल्या हातात चुरगळला.

म्हातारीनं त्याच्याकडे बघितलं, मग सुनेकडे. हात कानावरून खाली घेतला नाही.

“पुन्हा सांग,” ती म्हणाली.

त्यानं पुन्हा सांगितलं.