खिडकीकडची बाजू

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पलंग आहे. लोक स्वप्नं पाहतात आणि मी ती पाहणाऱ्यांना पाहतो, असं माझं आयुष्य गेलं.

एका सुताराने मला स्वतःच्या लग्नासाठी बनवलं. लोकांची दारं-खिडक्या करून उरलेलं लाकूड त्याने जमवलं होतं, म्हणून माझा एक पाय गडद आणि बाकीचे फिकट आहेत. तो खिडकीकडे झोपायचा, त्याची बायको भिंतीकडे. त्याला सारखी कूस बदलायची सवय. त्यापायी माझा त्या बाजूचा सांधा सैल झाला. मी करकरलो की ती झोपेतच म्हणायची, "हळू की जरा."

मग सुतार गेला. बाई मागच्या खोलीत सतरंजीवर झोपू लागली आणि पुढच्या दोन खोल्या सुट्टीवर येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने देऊ लागली. मी पाहुण्यांचा झालो. बाहेरच्या तळ्याचा उजेड छतावर हलत राही आणि अनोळखी माणसं माझ्यावर पडून तो बघत. कोणी स्तुती केली की मी फुशारून जाई. लाकडाला तेवढंच सुख.

पण अधूनमधून तक्रार यायचीच. पलंग वाजतो, झोप झाली नाही, भाडं परत करा. बाईची एक रीत होती. कसलीही तक्रार असो, आधी स्वतः अनुभवायची, मग पैसे परत. गिझर बंद होता तेव्हा तिने गार पाण्याने अंघोळ केली आणि शिंकत शिंकत पैसे पाठवले. माझ्यासाठी ती दुपारी येऊन आडवी व्हायची. मी हूं की चूं करायचो नाही. "झोप येईना, पलंग वाकडा," असं म्हणून ती हसायची आणि नकार कळवायची.

यंदा एका पाहुणीने लिहिलं, "पैसे राहू द्या, पण मला खोटं ठरवू नका." बाईला निरोप वाचून दाखवणाऱ्या तिच्या लेकीचा चेहरा उतरला.

"आई, सगळेच कसे खोटं बोलतील? लोक आता आपल्यालाच लबाड म्हणतायत."

हा शब्द बाईला फार लागला. नावाला ती जिवापेक्षा जपायची. "मी लबाड? ये, तूच बघ," म्हणत ती माझ्यावर आडवी झाली. मी गप्प.

"तू एवढी भिंतीला चिकटून का झोपलीस?"

"मग कुठे झोपू? ती बाजू ह्यांची."

लेक हळूच खिडकीकडे पडली आणि कुशीवर वळली. मी करकरलो.

"हळू की जरा," बाई डोळे मिटूनच म्हणाली.

छतावर उजेड हलत होता. बाईच्या डोळ्यांतून पाणी ओघळून उशीवर आलं.

"तिचे पैसे पाठव," ती म्हणाली. "आधीच्यांचेही. लिही, चूक माझी होती."

"आणि पलंगाला खिळा मारून घेऊ?"

"पाहुण्यांना नवा आण. हा माझ्या खोलीत ठेव. खिळा नको मारूस."

मित्रांनो, कोणी म्हणालं की इथे टोचतं, इथे वाजतं, तर आपल्याच बाजूला पडून निवाडा करू नका. जरा पलीकडे सरकून बघा. माझ्यासारख्या जुन्या लाकडाला अधूनमधून ऊनही दाखवत जा.

मी आता मागच्या खोलीत असतो. बाई अजूनही भिंतीकडेच झोपते. डोळे मिटण्याआधी ती हात लांबवून रिकामी बाजू दाबते, आणि मी करकरतो.