उजवा डोळा कोणाचा?

मी एक जुने चाक आहे, मित्रांनो. पण मी कधी रस्ता पाहिला नाही. लष्करी इस्पितळाच्या तळघरात चष्म्याच्या काचांची कड घासण्यात माझी एकतीस वर्षे गेली. माझ्यापाशी बसणारे कारागीर तयार चष्मा स्वतः सैनिकाच्या नाकावर चढवत, "वाचा" म्हणत, आणि मगच तो हातावेगळा करत.

पुढे वरून हुकूम आला: सैनिकांचे आणि निवृत्तांचे चष्मे आता बाहेरची कंपनी करील. कागदावर नंबर जाईल, टपालाने चष्मा येईल. माझी वीज तोडली, अंगावर ताडपत्री टाकली. कंपनीचे चष्मे हलके आणि देखणे होते, हे मी नाकारत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे.

एका दुपारी माझे शेवटचे कारागीर तळघरातले सामान आवरत होते, तेव्हा एक निवृत्त सुभेदार जिना चाचपत उतरले. त्यांचा डावा डोळा लढाईत गेला होता. तिथे काचेचा होता. दरवर्षी लढाईच्या दिवशी स्मारकावरची सतरा नावे ते मोठ्याने वाचत. तो दिवस उद्यावर आला होता.

"कारागीर, अहो, या नव्या चष्म्यातून मला समोरचा माणूस दिसेना!"

कारागिरांनी चष्मा उजेडात धरला. "नंबर बरोबर आहे, सुभेदारसाहेब. पण बसवलाय डावीकडे. तपासणारा समोर बसतो, तुमचा उजवा डोळा त्याच्या डाव्या हाताला येतो. त्यानं आपली बाजू लिहिली; कंपनीनं कागद पाहिला, तोंड नाही."

"म्हणजे मेलेल्यांची नावं मेलेल्या डोळ्यानं वाचू?"

"पाठ असतील की तुम्हाला."

"आहेत हो. पण पाठ म्हणताना एखादा गळला, तर त्याला हाक कोण मारणार?"

डावी काच उजवीकडे जशीच्या तशी बसत नाही. कड पुन्हा घासावी लागते. कारागिरांनी माझ्यावरची ताडपत्री ओढली. एका हाताने मला फिरवत, दुसऱ्याने काच धरत, त्यांनी तिची कड घासली आणि ती उजवीकडे बसवली. चष्मा नाकावर चढवून सवयीने म्हणाले, "वाचा."

वाचायला तिथे काहीच नव्हते. सुभेदारांनी समोरच्या कोऱ्या भिंतीकडे पाहिले आणि सतरा नावे वाचली. म्हटली नव्हे, वाचली. मी शहारले.

आता तळघराला कुलूप आहे. पण दरवर्षी लढाईच्या दिवशी, कोणाचा हात न लागता, मी किंचित फिरते आणि भिंतीकडून नावे ऐकू येतात. यंदा अठरा आली. अठरावे सुभेदारांचे होते.

मित्रांनो, काम खुशाल कोणावरही सोपवा. मात्र कागदावर 'उजवा' लिहिण्यापूर्वी क्षणभर उठा, आणि समोरच्याच्या शेजारी, त्याच्याच दिशेला तोंड करून उभे राहा.