दोन तास थांबणे

पेनाचं बटण वर-खाली, वर-खाली... शेजारच्या डॉक्टरांनी मान वळवली तेव्हा कुठे तिला कळलं, ही टकटक आपलीच. तिने हात मांडीवर घेतले. सुई टोचून टोचून खरखरीत झालेली बोटं.

विद्यापीठाच्या या समितीत शिवणकाम करणारी ती एकटीच. बाकी सगळे डॉक्टर, प्राध्यापक. कुठल्या संशोधनाला निधी द्यायचा हे ठरवताना आजार घरात भोगलेल्यांनाही विचारायचं, म्हणून तिला बोलावलेलं. चार वर्षं तिने नवऱ्याला डायलिसिसला नेलं-आणलं होतं. तो जाऊन आता दोन वर्षं झाली.

समोर पाचवा अर्ज. डायलिसिसनंतर रुग्णाने दोन तास थांबून पुन्हा तपासणीसाठी रक्त द्यायचं. कुणाच्या हृदयाला धोका आहे ते त्यातून आधीच ओळखता येईल. खाली एक ओळ – रुग्णांना होणारा त्रास : किरकोळ.

किरकोळ... म्हणजे तो बाकावर मुटकुळं करून पडलेला, दोन शाली घालूनही कुडकुडणारा, 'घरी चल गं' एवढंच पुटपुटणारा – आणि मी काय म्हणाले? गोळ्यांच्या रांगेत माझा नंबर जवळ आला होता. 'जरा दम धरा की, लहान मुलासारखं काय?' त्यावर तो काही बोलला नाही. नंतर घरी पोचेपर्यंतही नाही.

"ताई, तुमचं मत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"दोन तास..." तिने अर्जातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "मशीनवरून उठलेल्या माणसाला दोन मिनिटं बसवत नाही. हे लिहिणाऱ्यांनी कधी सोबत बसून पाहिलंय का?"

एक-दोघांनी अर्जाची पानं उलटली.

"रक्त घरी जाऊन घेता येईल," ती म्हणाली.

"तसं करायचं तर सगळा आराखडाच बदलावा लागेल," हृदयरोगतज्ज्ञ शांतपणे म्हणाले. "पण मुद्दा बरोबर आहे."

तिने दहापैकी तीन गुण दिले. मग बाकीच्यांचेही आकडे खाली आले, आणि अर्ज यादीतून गळला. इतक्या सहज. आपल्या एका वाक्याने हे होईल असं तिला वाटलंच नव्हतं. तिला फक्त ते बोलायचं होतं, कुणाला तरी, कुठेतरी.

जिन्यात हृदयरोगतज्ज्ञांनी तिला गाठलं. "बरं झालं बोललात. सुधारून पाठवतील, पुढच्या वर्षी घेऊ."

पुढच्या वर्षी. तिने मान हलवली, कठडा धरून दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. डायलिसिसच्या त्या हॉलमध्ये ओळीने बारा खुर्च्या असायच्या. तिसऱ्या खुर्चीवरचे मास्तर एका सोमवारी आलेच नव्हते – हृदय, म्हणाले होते सगळे. आज त्या खुर्च्यांवर जे कोणी असतील, त्यांच्या बाजूने मी बोलले... की त्या बाकावरच्या एकाच्या? का त्याच्याही नाही, नुसतं माझ्याच मनावरचं ओझं उतरवायला...

वरून अध्यक्षबाईंचं हसणं ऐकू आलं. तज्ज्ञ पुढे जाऊन दार धरून उभे होते, तिच्यासाठी, अदबीने. इतकी वर्षं डॉक्टरांच्या अशा दारांशी ती बाहेर ताटकळत उभी असायची. आज आतून येत होती, आणि पाऊल उचलत नव्हतं.