ज्या शुक्रवारी माझा आवाज परत आला

मित्रांनो, वर बघा. अजून जरा वर. घड्याळाच्या शेजारी टांगलेला, उजव्या बाजूला हिरवी रेघ उमटलेला जुना टीव्ही म्हणजे मी.

कारखान्यातून निघून जहाजाने ऑकलंडला पोचलो, तेव्हा इथे रग्बीच्या वर्ल्ड कपची धामधूम होती. हिल्सबरो उपनगरातल्या डॉक्टर गुरुदत्तांनी मला आपल्या दवाखान्यात आणलं. काय थाट होता माझा! माणसं खोकायची थांबून मॅच बघत. आत बोलावलं तरी "पाचच मिनिटं हं, डॉक्टर!" म्हणत. पुढे प्रत्येकाच्या खिशात एकेक छोटा टीव्ही आला आणि माझा आवाज बंद झाला. मी नुसतंच तोंड हलवत राहिलो. डोक्यावर धूळ साचली. ती कुणाला दिसेना, कारण वर कुणी बघतच नव्हतं.

मग दोन हजार सोळाच्या जूनमधला तो शुक्रवार उजाडला. ब्रिटनने युरोपात राहायचं की बाहेर पडायचं, याची मतमोजणी होती. लंडनमध्ये रात्र, आमच्याकडे थंडीतला लख्ख दिवस.

नर्स सुलेखाने आल्या आल्या स्टुलावर चढून माझं तोंड पुसलं आणि आवाज मोठा केला. तिचा मुलगा अनिरुद्ध लंडनला नोकरीला. त्याच्या कंपनीने सांगूनच ठेवलं होतं, की ब्रिटन बाहेर पडलं तर तिथलं ऑफिस गुंडाळणार.

सुलेखाने पर्समधून अंगठ्याएवढा पितळी गणपती काढला आणि माझ्याखालच्या फळीवर, पाण्याच्या वाटीत बुडवून ठेवला. मनासारखं होईपर्यंत देवाला बाहेर काढायचं नसतं. ती पुटपुटली ते मला ऐकू आलं. "पोराची नोकरी टिकू दे." मग त्याहून हळू, "आणि नाहीच टिकली, तर त्याला घरी येऊ दे."

आता देवाने यातलं काय ऐकायचं?

आकडे यायला लागले आणि दवाखान्याचं स्टेडियम झालं! फ्लूची लस टोचून घ्यायला आलेले हॉब्स आजोबा दंडावरचा कापूस धरून उभेच राहिले. "संडरलंड! ब्रिटनमधलं माझं गाव दाखवतायत!"

संडरलंडने बाहेर पडायचा कौल दिला. आजोबांनी टाळी वाजवली, कापूस खाली पडला. तेवढ्यात मी पाउंडचा भाव दाखवला. घसरगुंडीवरून पोर सुटावं तसा तो खाली.

"अरे, माझी पेन्शन पाउंडात येते!" आजोबा मटकन बसले. "हे तिथे मत देणाऱ्या माझ्या बहिणीचं काम. ती आणि तिचा तो बिंगो क्लब!"

"सुलेखाताई, यांचं बीपी घ्या," डॉक्टर दारातून म्हणाले. "मग माझंही घ्या."

आणि त्याच वेळी रिसेप्शनवरची जोन हसतमुखाने आली. "सु, तुझा छोटा हत्ती पाण्यात पडला होता गं. मी पुसून हीटरपाशी ठेवलाय. आता छान ऊब मिळेल त्याला."

सुलेखाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"झालं!" डॉक्टर पोट धरून हसले. "देव बाहेर आला. आता ब्रिटनला कोण अडवणार?"

"हसू नका हो, डॉक्टर!" म्हणत सुलेखाने देवाला पुन्हा वाटीत बसवलं. जोनला काही कळेना, पण तिने लगबगीने वाटीत आणखी पाणी ओतलं.

मला धाप लागली होती. पाठ तापली, हिरवी रेघ थरथरायला लागली. आज डोळा मिटायचा नाही, असं मी स्वतःला बजावत होतो. दुपार कलली आणि निकाल लागला. ब्रिटन बाहेर!

हॉलमध्ये एकच कल्ला झाला. कुणी "शाब्बास!" ओरडलं, कुणी कपाळाला हात लावला. त्या गोंधळात सुलेखाचा फोन वाजला. तिने धावत येऊन माझा आवाज बंद केला आणि फोनचा स्पीकर लावला.

"आई, बघितलंस?" अनिरुद्धचा आवाज रात्रभर जागलेला. "काय होणार कुणालाच माहीत नाहीये. आई, माझी खोली रिकामी आहे ना गं?"

हेच तर तिने मागितलं होतं. तिने वाटीतल्या गणपतीकडे बघितलं.

"खोली तुझीच आहे रे," ती म्हणाली. "पण घाबरून नको येऊस. आधी काहीतरी खा, झोप. मग तिथेच दुसरी नोकरी शोध. जमेल तुला. आणि हौसेने यावंसं वाटलं, तर मी एअरपोर्टला उभीच आहे."

"रागावलीस?"

"वेडा आहेस का? ठेव आता, माझे पेशंट खोळंबलेत."

फोन ठेवल्यावर मात्र तिने हॉब्स आजोबांना कापूस दिलेल्या डब्यातलाच बोळा घेऊन डोळे पुसले. आजोबांनी मुकाट्याने तिला आपल्या शेजारी जागा करून दिली.

ब्रिटनला खरंच बाहेर पडायला पुढे काही वर्षं लागली. अनिरुद्ध दुसऱ्या नोकरीत रुजला, लंडनलाच. मी मात्र अजून इथेच आहे.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. मला अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा, आणि बंद करताना माझी वायर ओढू नका. पण मी कितीही मोठी बातमी सांगत असलो आणि घरच्या माणसाचा फोन आला, तर खुशाल माझा आवाज बंद करा. मला वाईट वाटणार नाही. मलाही ऐकायचं असतं.