तिसरी बी

"यंदाचा भोपळा बाहेर काढायला फाटक उखडावं लागेल!" असं घड्याळजींनी जेवता जेवता जाहीर केलं, तेव्हा तो भोपळा अंगठ्याच्या नखाएवढा होता आणि नऊ दिवस झाले तरी कुंडीतून डोकं वर काढायला तयार नव्हता.

गेल्या वर्षी प्रदर्शनात त्यांच्या मेहुण्याचा भोपळा उचलायला सहा माणसं लागली होती. घड्याळजींनी आपला स्वतःच काखेत मारून आणला होता. तेव्हापासून मेहुणा फोनवर आधी "दाजी, काखेत काय आहे?" असं विचारी, मग तब्येत. म्हणून यंदा त्यांनी जातिवंत बिया मागवल्या होत्या. मोजून तीन. दोन पेरल्या, एक घड्याळाच्या रिकाम्या डबीत ठेवली.

जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाचा एक शिरस्ता असतो: चालत नसेल तर उघडून बघायचं. ते रोज डोळ्याला भिंग लावत, चिमट्याने बी बाहेर काढत, उलटसुलट बघत, एकदा कानाशीही धरत, आणि पुन्हा पुरून वर पेलाभर पाणी ओतत. एकीचं टोक चिमट्यात तुटलं. दुसरी दहाव्या दिवशी मऊ लागली. कुजली होती.

उरलेल्या बीची डबी खिशात घालून ते रोपवाटिकेत गेले. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"कुंडी कुठे असते?"

"न्हाणीघराच्या खिडकीत."

"म्हणजे गारठ्यात. माती कोमट हवी, तीस अंशांच्या आसपास. बीच्या कडा कानशीने जरा घासा, टोक सोडून. माती ओलसर ठेवा, चिखल नको. आणि बी उकरता का?"

"छे! तपासतो."

"रोज?"

"सकाळ-संध्याकाळ."

"काका, तुम्हाला कोणी दिवसातून दोनदा पांघरुणातून ओढून भिंगाखाली धरलं, तर तुम्ही उठाल?"

घड्याळजींनी खरोखरच विचार केला. "वैतागेन."

घरी येऊन त्यांनी कडा अशा घासल्या की घड्याळालाही हेवा वाटावा. बी पेरली, कुंडी कपाटावर चढवली आणि तिच्याखाली बायकोचं शेकायचं पॅड मंद आचेवर लावलं. मग चिमटा आणि भिंग बायकोच्या हाती दिलं.

"मी मागितलं तरी देऊ नकोस."

त्यांनी चार दिवसांत अकरा वेळा मागितलं. तिने दिलं नाही.

पाचव्या दिवशी माती फुगली, तडकली, आणि डोक्यावर सालीची टोपी घेतलेला एक वाकडा हिरवा कोंब वर आला. घड्याळजी फोनकडे धावले.

"ऐक रे! फाटक तर जाईलच, पण कुंपणाचंही काही खरं नाही! सहा माणसं? क्रेन लागेल, क्रेन!"

"अहो," मागून बायको म्हणाली, "तो उठलाय ना आता? मग माझं पॅड काढून द्या. पाच दिवस झाले, गुडघे धरलेत."