सतरा गाठींची भिंत

मी एक जुनी लाकडी भिंत आहे. खरं सांगायचं तर भिंतसुद्धा नाही; भिंतीच्या अंगाला कमरेएवढ्या उंचीपर्यंत ठोकलेल्या बावीस फळ्या आहेत. पण वर्षानुवर्षं एका ओळीत उभं राहिलं की 'आम्ही' म्हणायचं सुटतं आणि 'मी' म्हणायची सवय लागते.

मला बसवणारा सुतार मोठा हौशी होता. दुसरे सुतार गाठींच्या फळ्या कपाटामागे लपवतात. हा मात्र प्रत्येक फळी उलटसुलट करून बघायचा आणि गाठी असलेली नेमकी उजेडात लावायचा. अशा सतरा गाठी माझ्या अंगावर आहेत. तेव्हा ही खोली एका वकिलांची होती. येणारे-जाणारे माझ्यावरून हात फिरवत म्हणायचे, "वा, काय लाकूड आहे!" मी आतल्या आत फुलून जायचे.

पुढे वकीलसाहेब गेले आणि खोलीची अडगळ झाली. खोकी आली, मोडका पंखा आला, इस्त्रीचं टेबल आलं. दहा वर्षं मी एका गुंडाळलेल्या गादीकडे तोंड करून काढली. आमचं काही फारसं जमलं नाही.

मग हे घर विकत घेऊन आई, बाबा आणि भिंगरी राहायला आले. भिंगरी पाच वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव. आईला दुसरं बाळ होणार होतं, आणि तिच्या पलंगावर आता चौघांची दाटी झाली असती. म्हणून ही खोली भिंगरीला द्यायचं ठरलं.

भिंगरी उंबऱ्यावरच थांबली. "मी नाही इथे झोपणार. ही भिंत बघते."

"भिंत कशी बघेल गं?" बाबा हसले.

"डोळ्यांनी," ती म्हणाली, आणि बोट न लावता लांबूनच तिने माझ्या सतराच्या सतरा गाठी मोजून दाखवल्या.

मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. ज्या गाठींचं एवढं कौतुक झालं, त्यांचीच एका लेकराला भीती वाटावी! मला वाटलं, यांनी मला हवा तो रंग फासावा, पण ही मुलगी आत यावी.

रंगारीकाका शेडकार्ड घेऊन आले. भिंगरीची आत्याही आली होती, न बोलावता.

"गुलाबी द्या. मुलीची खोली आहे," आत्या म्हणाली.

"मग तुझी खोली पांढरी का गं, आत्या?" भिंगरीने विचारलं. आत्याने शेडकार्ड पुढे सरकवलं.

आई पिस्त्यावर बोट ठेवून बसली होती. बाबांना निळा हवा होता. "आकाशासारखा. डोकं शांत राहतं."

"कुणाचं?" आई म्हणाली.

"कार्डावर बघून रंग घ्यायचा नाही, वहिनी," रंगारीकाका म्हणाले. त्यांनी माझ्या एका कोपऱ्यात तिन्ही रंगांचे वीतभर पट्टे ओढले. "तीन दिवस राहू द्या. सकाळी बघा, दुपारी बघा, दिवा लावून बघा."

काय नवल होतं ते! दिव्याच्या उजेडात गुलाबी विटेसारखा दिसायचा. भर दुपारी पिस्ता जवळजवळ नाहीसाच व्हायचा. रंग नुसता डब्यात नसतो, त्यात निम्मा वाटा खिडकीचा असतो, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. शेवटी निळा जिंकला. काकांनी माझं जुनं पॉलिश खरवडून काढलं आणि जाताना बजावलं, "सोमवारी येतो. आधी गाठींना लाखेचे दोन हात देऊ, मगच रंग."

बाबांना धीर निघेना. रविवारी मायलेकी आत्याकडे गेल्या, तेव्हा त्यांना गंमत दाखवायची म्हणून बाबांनी स्वतःच रंगाचे दोन हात मारले. "लाख कशाला? रंग चांगला जाड आहे की!" असं ते माझ्याशीच बोलले. मी काय सांगणार?

मी दिसले मात्र सुंदर. भिंगरीने येऊन डोळे शोधले. एकही नाही! दुसऱ्याच दुपारी ती उशी घेऊन आली. सोमवारी रंगारीकाकांनी मला बघून कपाळाला हात लावला आणि "बघू, किती दिवस टिकतं," एवढंच म्हणून ते निघून गेले.

बारा दुपारी ती माझ्याजवळ झोपली. तेराव्या दुपारी निळ्यावर एक तपकिरी डाग उमटला. मग तीन, मग सगळे सतरा. लाखेचा थर नसला की गाठीतला चिकट रस उन्हाने रंगातून वर येतो, मित्रांनो. मी थांबवला असता हो, पण लाकडाच्या हातात ते नसतं. भिंगरीने मुकाट्याने उशी उचलली आणि ती निघून गेली. रडली असती तर बरं झालं असतं.

बाळाला यायला आता जेमतेम तीन आठवडे उरले होते. आई पलंगाच्या कडेवर टेकली. "आता ती कशी यायची परत?"

"मी अजून एक हात मारतो."

"तू आता भिंतीला हात लावायचा नाहीस."

रंगारीकाकांना बोलावणं गेलं. "साहेब, लाख काय मी हौस म्हणून लावतो?" असं म्हणत ते खरवडायला बसले. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला. "काका, ते डोळे बाहेर कसे आले?"

काकांनी खरवडायचा पत्रा खाली ठेवला. "डोळे नाहीत ते, बाळा. इथे फांदी होती. झाड जाड होत गेलं आणि फांदीचं बूड त्याने पोटात घेतलं."

भिंगरी एक पाऊल आत आली. "सगळीकडे फांद्या?"

"सगळ्या सतरा."

"फांदीवर कोण बसायचं?"

काकांनी डोकं खाजवलं. "ते मला नाही माहीत. मी रंगारी."

मला माहीत होतं! वकिलांनी, त्यांच्या पाहुण्यांनी, कुणीच मला हे कधी विचारलं नव्हतं. शेपटीचा शेंडा तुटलेली खार, दोन भांडकुदळ पाखरं, सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. फक्त तोंड नव्हतं. भिंगरीने सगळ्यात मोठ्या गाठीभोवती बोट फिरवलं. मग तिने चक्क कान लावला आणि बराच वेळ लावून ठेवला.

"ही उघडी ठेवा," ती म्हणाली.

"अगं, ती तर तुझ्या उशीजवळच येते," आई घाबरली.

"हिला विचारायचं राहिलंय अजून. आणि आई, फांदीला पानं असतात ना? मग निळा कसा?"

"आत्ताच तर दिला गं!" बाबा कळवळले. आईने शेडकार्ड आणलं, पिस्त्यावर बोट ठेवलं आणि बाबांकडे नुसतं पाहिलं. बाबा निळ्याचा डबा आत ठेवायला गेले.

सोळा गाठींना लाखेचे दोन दोन हात मिळाले. सतरावीला नुसतं तेल चोळलं. आता मी पिस्ता आहे. दुपारी जरा फिकी पडते, पण चालायचंच. पलीकडच्या खोलीत बाळ टाहो फोडतं आणि इथे भिंगरी गाठीला रोज नवा प्रश्न विचारत झोपी जाते. उत्तरंही तीच देते. बरीचशी चुकतात. एखादं असं बरोबर येतं की मीच चकित होते.

मित्रांनो, तुमच्या घरी रंगकाम निघालं, तर आम्हा जुन्या लाकडांना खुशाल रंगवा. नवे कपडे आम्हालाही आवडतात. फक्त ब्रश बुडवण्याआधी एकदा आमच्यावरून हात फिरवा, आणि इथे आधी काय होतं, ते विचारा. आम्ही उत्तर देणार नाही. पण जो विचारतो, त्याला आमची भीती वाटेनाशी होते, एवढं मी स्वतः पाहिलं आहे.